नॉर्मन सरदार घराण्यांची वंशावळ कशी शोधायची: नवशिक्यांसाठी पायरी-पायरीने

नॉर्मन घराण्याची वंशावळ शोधायला बसलेला माणूस पहिल्याच संध्याकाळी रोलोपर्यंत पोहोचतो. इंटरनेटवर आडनाव टाकलं की कुणीतरी आधीच बनवून ठेवलेली वंशावळ समोर येते. पंचवीस-तीस पिढ्या सरसर वर चढत जातात आणि टोकाला ९११ साली फ्रान्सच्या राजाकडून नॉर्मंडीचा मुलूख मिळवणारा तो व्हायकिंग सरदार बसलेला असतो. मग दुसऱ्या दिवशी एखाद्या पिढीचा पुरावा बघावा म्हटलं, तर कुठेच काही सापडत नाही.

कुणी ब्रिटनमध्ये राहायला गेल्यावर घराजवळच्या पडक्या किल्ल्याचे मालक कोण होते हे शोधू लागतं, कुणी हेस्टिंग्जच्या लढाईबद्दल (१०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं ती लढाई) वाचता वाचता या नादाला लागतं. माझी सुरुवात क्लेअर या घराण्यापासून झाली आणि आजही उदाहरणासाठी मी तेच घराणं घेतो, कारण त्याचे कागद भरपूर आहेत आणि नवख्या माणसाला चकवणाऱ्या बहुतेक सगळ्या गोष्टी त्यात आहेत. या लेखात एकच आग्रह पुन्हा पुन्हा दिसेल: नावामागे धावू नका, जमिनीमागे जा. अकराव्या-बाराव्या शतकात माणसांची नावं बदलतात, गाव मात्र जागचं हलत नाही.

हाताशी काय लागेल

खर्च जवळजवळ नाही. बहुतेक साधनं घरबसल्या फुकट मिळतात.

- डूम्सडे बुक, म्हणजे १०८६ मध्ये केलेली इंग्लंडमधल्या जमिनींची आणि त्यांच्या मालकांची नोंदवही: ‘ओपन डूम्सडे’ या संकेतस्थळावर गावाच्या किंवा माणसाच्या नावाने शोधता येतं.
- ‘ब्रिटिश हिस्टरी ऑनलाइन’, ‘इंटरनेट आर्काइव्ह’ आणि फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचं ‘गॅलिका’: एकोणिसाव्या शतकात छापलेले मूळ कागदांचे खंड इथे आहेत.
- ‘स्क्रिप्टा’: कां विद्यापीठाने नॉर्मंडीतल्या दानपत्रांचा केलेला संग्रह.
- ‘मिडीव्हल लँड्स’: फाउंडेशन फॉर मिडीव्हल जिनिऑलॉजी या संस्थेच्या संकेतस्थळावरचा प्रचंड संग्रह. यात मूळ लॅटिन उतारे दिलेले असतात, म्हणून वाट दाखवायला उत्तम. निष्कर्ष मात्र स्वतः तपासून घ्यावेत.
- लॅटिनमधल्या नातेवाचक शब्दांची एक यादी, इंग्लंडच्या राजांच्या राज्यवर्षांचा तक्ता आणि फ्रान्सचा असा नकाशा ज्यात लहान खेडीही दिसतात.
- नोंदींसाठी एक तक्ता. वंशावळीचं सॉफ्टवेअर हवंच असेल तर ‘ग्रॅम्प्स’ फुकट आहे, पण पहिले काही आठवडे साधा तक्ता पुरेसा होतो.

लॅटिन येत नाही म्हणून थांबू नका. दानपत्रांची भाषा साचेबंद असते. पन्नास-साठ शब्द ओळखीचे झाले की कोण कुणाचा कोण, एवढं नक्की कळतं.

१. एक घराणं आणि एकच काळ निवडा

‘नॉर्मन’ या एका शब्दात तीन वेगळे मुलूख येतात: खुद्द नॉर्मंडी, १०६६ नंतरचं इंग्लंड (आणि तिथून पुढे वेल्स, स्कॉटलंड, आयर्लंड) आणि दक्षिण इटली-सिसिली. तिन्हीकडचे कागद वेगळे, ते सांभाळणाऱ्या संस्था वेगळ्या. नवख्याने इंग्लंडमध्ये स्थिरावलेलं घराणं घ्यावं. तिथे सरकारी दफ्तर लवकर सुरू झालं आणि ते टिकलंही.

काळही ठरवून घ्या. १०८६ ते १३१४ हा टप्पा माझ्या मते शिकायला सगळ्यांत चांगला. १०८६ च्या आधी नॉर्मंडीत गेलात की दर पिढीमागे पुरावा विरळ होत जातो, आणि १०२५ च्या अलीकडे-पलीकडे बहुतेक सरदार घराण्यांचा मागच संपतो. सर्वसाधारण सरदार घराण्याचा पूर्वज रोलोच्या बरोबर आलेला कोण होता, हे सांगणारा कागद नाही.

२. नावं कशी चालत होती ते आधी समजून घ्या

त्या काळात आडनाव नव्हतं. माणसाला बापाच्या नावाने, गावाने, हुद्द्याने किंवा टोपणनावाने ओळखत, आणि एकाच माणसाला या चारही प्रकारांनी. इंग्लंडमधल्या क्लेअर घराण्याचा मूळ पुरुष रिचर्ड पाहा. डूम्सडे बुकात पूर्वेकडच्या परगण्यांत तो ‘काउंट गिल्बर्टचा मुलगा रिचर्ड’ आहे. सरे परगण्यात ‘टनब्रिजचा रिचर्ड’ आहे, कारण केंटमधला टनब्रिजचा किल्ला त्याच्याकडे होता. नॉर्मंडीच्या इतिवृत्तात तो ‘बियाँफेतचा रिचर्ड’ होतो, कारण तिथलं त्याचं वतन बियाँफेत आणि ऑर्बेक इथे होतं. आणि सफकमधल्या क्लेअर गावावरून त्याला आणि त्याच्या वंशजांना ‘डी क्लेअर’ म्हणू लागले. माणूस एक, नावं चार. त्याचा सख्खा भाऊ बाल्डविन डेव्हनमध्ये शेरीफ, म्हणजे परगण्यातला राजाचा अधिकारी, होता, म्हणून तो ‘शेरीफ बाल्डविन’ किंवा ‘एक्झिटरचा बाल्डविन’. नुसत्या नावावरून हे दोघे भाऊ आहेत असं कुणाला वाटणारही नाही.

‘फिट्झ’ म्हणजे ‘चा मुलगा’. बाराव्या शतकात तो दर पिढीला बदलतो. रिचर्ड फिट्झ गिल्बर्टचा मुलगा गिल्बर्ट फिट्झ रिचर्ड, त्याचा मुलगा पुन्हा रिचर्ड फिट्झ गिल्बर्ट. आजोबांचं नाव नातवाला ठेवण्याची रीत आपल्याकडे आहे तशी तिथेही होती, त्यामुळे एकाच नावाचे दोन पुरुष पन्नास वर्षांच्या अंतराने येतात. इंटरनेटवरच्या वंशावळींत हे दोघे सर्रास एक होतात. उपाय एकच: प्रत्येक रिचर्डला मृत्यूचं साल जोडा. पहिला साधारण १०९० मध्ये वारला, दुसऱ्याला ११३६ च्या एप्रिलमध्ये वेल्समध्ये दबा धरून मारलं. नोंदवहीत नुसतं ‘रिचर्ड डी क्लेअर’ कधीही लिहू नका.

गावाच्या नावातही गफलत होते. बोमाँ, मोंफोर, नव्हिल या नावांची गावं फ्रान्समध्ये ढिगाने आहेत. घराणं नेमक्या कोणत्या गावचं, हे नकाशावर नाव सापडल्याने ठरत नाही. त्या घराण्याचे इंग्लंडमधले मांडलिक नॉर्मंडीतल्या कोणत्या गावांचे होते, ते बघा. इंग्लंडमध्ये एका सरदाराच्या हाताखाली जमीन धरणारी माणसं पुष्कळदा त्याच्या नॉर्मंडीतल्या शेजारच्याच खेड्यांतली निघतात. तीन-चार मांडलिकांची गावं एका भागात जमली की सरदाराचं गावही त्याच भागातलं असण्याची शक्यता खूप वाढते.

३. कागदांची शिडी खालून वर लावा

सुरुवात कायम अलीकडच्या, पक्क्या माणसापासून करा आणि एकेक पिढी मागे जा. क्लेअर घराण्यापुरती ही शिडी अशी उभी राहते.

सर्वांत खालची पायरी म्हणजे मृत्यूनंतरची चौकशी. तेराव्या शतकातल्या तिसऱ्या हेन्रीच्या कारकिर्दीपासून हे कागद मिळतात. राजाकडून थेट जमीन धरणारा सरदार वारला की अधिकारी पंच बसवून विचारत: जमीन कोणती, वारला कधी, वारस कोण, वय काय. शेवटचा गिल्बर्ट डी क्लेअर २४ जून १३१४ रोजी बॅनकबर्नच्या लढाईत पडला. मूल नव्हतं. विधवा मॉड हिने आपण गरोदर असल्याचं सांगितल्यामुळे वाटणी लांबत गेली, आणि अखेर १३१७ मध्ये एलिनॉर, मार्गरेट आणि एलिझाबेथ या तिघी बहिणींत मालमत्ता वाटली गेली. अशा चौकशीत एका दमात तीन बहिणी, त्यांचे नवरे आणि गावांची यादी हाती येते. वयाच्या आकड्यावर मात्र विसंबू नका. ‘एकवीस आणि अधिक’ याचा अर्थ फक्त सज्ञान, एवढाच.

त्याच्या वर ११८५ ची एक नोंदवही आहे. राजाच्या ताब्यातल्या विधवा आणि पोरक्या वारसांची ही यादी इंग्लंडच्या १२ परगण्यांपुरती आहे. विधवेचं वय, मुलं किती, त्यांची वयं, जमिनीचं उत्पन्न असं सगळं त्यात आहे. बाराव्या शतकातल्या बाईचं वय लिहिलेलं सापडणं ही फार दुर्मीळ गोष्ट. तुमचं घराणं या १२ परगण्यांत असेल तर ही वही सगळ्यांत आधी उघडा.

त्याच्या वर ११६६ ची सरदारांची पत्रं. दुसऱ्या हेन्रीने आपल्या सरदारांना विचारलं: माझ्या आजोबांच्या मृत्यूदिवशी, म्हणजे ११३५ साली, तुमच्याकडे किती नाइट (घोड्यावरून लढणारे योद्धे) जमीन धरून होते, त्यानंतर किती वाढले आणि त्यांची नावं काय? उत्तरादाखल आलेली पत्रं टिकून आहेत. एकाच कागदात ११३५ आणि ११६६ अशा दोन काळांचा छेद मिळतो, आणि लहान घराण्यांसाठी याहून मोठा आधार नाही.

त्यावर ११३० चा पाइप रोल. राजाच्या खजिन्याचा टिकलेला हा सर्वांत जुना वार्षिक हिशेब. ‘अमुक माणूस बापाच्या जमिनीसाठी इतके मार्क देणे’, ‘तमुक माणूस अमक्याच्या विधवेशी लग्नाच्या परवानगीसाठी इतके देणे’ अशा नोंदी त्यात ओळीने येतात. रुक्ष आकड्यांत नाती दडलेली असतात. त्यानंतरचे हिशेब ११५५-५६ पासून सलग मिळतात. मधे राजा स्टीफनच्या यादवीचा काळ रिकामा आहे, तिथे दानपत्रांवरच भागवावं लागतं.

आणि सर्वांत वर १०८६ चं डूम्सडे बुक. दर गावासाठी त्यात एडवर्ड राजाच्या वेळचा, म्हणजे नॉर्मन विजयाआधीचा मालक, १०८६ चा सरदार आणि त्याच्या हाताखालचा धारक अशी माहिती आहे. नॉर्थंबरलंड आणि डरहॅम त्यात जवळजवळ नाहीत, लंडन आणि विंचेस्टर शहरंही नाहीत. तिथला पूर्वज सापडला नाही म्हणजे तो नव्हताच, असं समजू नका.

४. जमिनीमागे जा, आणि ती हातातून हातात कशी गेली ते विचारा

तुमच्या घराण्याकडे असलेली दोन-तीन गावं निवडा, शक्यतो लहान आणि वेगळ्या नावाची. प्रत्येक गावासाठी एक पान करा. त्यावर १०८६, ११३५, ११६६, ११८५, पुढे तेरावं शतक असे टप्पे लिहा आणि प्रत्येक टप्प्याला धारकाचं नाव भरा. तिन्ही गावं सगळ्या टप्प्यांना एकाच क्रमाने हात बदलत असतील, तर ती बहुधा एका घराण्याचीच साखळी आहे. डूम्सडेमधला नुसता ‘रॉजर’ किंवा नुसता ‘विल्यम’ कोण, हे ओळखायलाही हाच मार्ग आहे. ११६६ मध्ये त्याच गावांचा धारक कोण, ते पाहायचं आणि मागे जायचं.

१०६६ च्या विजयाची कथा चितारणाऱ्या बेयोच्या प्रसिद्ध भरतकामाच्या पट्टीत वाडार्ड आणि व्हिटाल अशी दोन किरकोळ माणसं नावानिशी दाखवली आहेत. पट्टीवर त्यांच्याबद्दल दुसरं काही नाही. पण डूम्सडे बुकात केंटमध्ये बेयोचा बिशप ओडो याच्या हाताखाली जमीन धरणारे वाडार्ड आणि व्हिटाल सापडतात. चित्रातली माणसं गावांच्या यादीने ओळखली गेली.

पण थांबा. जमीन पुढे गेली म्हणजे रक्त पुढे गेलं, असंही नाही. म्हणून प्रत्येक बदलापुढे कारण लिहा: वारसा, लग्न, बक्षीस, जप्ती किंवा विक्री. मोब्रे घराण्याचं उदाहरण डोळ्यांसमोर ठेवा. कोतांतँ भागातल्या मोंब्रे गावचा रॉबर्ट हा नॉर्थंब्रियाचा अर्ल. १०९५ मध्ये त्याने बंड केलं, पकडला गेला आणि जमिनी गेल्या. त्यातल्या बऱ्याचशा पुढे पहिल्या हेन्रीने नायजेल डोबिन्यी या आपल्या विश्वासू माणसाला दिल्या. नायजेलच्या मुलाने, रॉजरने, राजाच्या सांगण्यावरून मोब्रे हे नाव घेतलं. नंतरच्या काळातले सगळे मोब्रे या रॉजरचे वंशज. नाव तेच, गाव तेच, पण पुरुषवंश डोबिन्यींचा. मधला जप्तीचा कागद बघितला नाही तर रॉबर्टला रॉजरचा आजोबा करून टाकण्याचा मोह होतोच.

असंच पर्सींचं. वारसदार अ‍ॅग्नेस डी पर्सीने लूव्हँच्या जोसेलिनशी लग्न केलं आणि पर्सी हे नाव तिच्या मुलांनी पुढे नेलं. नेव्हिलांचं तर उलटंच आहे: रेबीचा रॉबर्ट फिट्झ मॉल्ड्रेड हा जुन्या इंग्रज वंशाचा. त्याने इझाबेल डी नेव्हिलशी लग्न केलं आणि मुलगा आईचं नाव लावू लागला. म्हणजे पुढचे बलाढ्य नेव्हिल नावाने नॉर्मन, पण पुरुषवंशाने विजयाच्या आधीचे इंग्रज.

५. मठांची दानपत्रं आणि त्यांवरचे साक्षीदार

मला सगळ्यांत जास्त हाती लागलं ते इथे, त्यामुळे या पायरीला वेळ द्या.

प्रत्येक सरदार घराण्याचा एक घरचा मठ असे. तिथे दान द्यायचं, तिथेच दफन व्हायचं. क्लेअरांनी १०९० मध्ये आपल्या किल्ल्यातलं चर्च नॉर्मंडीतल्या बेक मठाला दिलं. तिथले भिक्षू ११२४ मध्ये जवळच्या स्टोक गावी हलले. स्टोकच्या मठाची दानपत्रवही छापलेली आहे. घराण्याचा मठ ओळखा, त्याची वही शोधा आणि पहिल्या पानापासून वाचा.

दानपत्रात तीन जागा बघायच्या. पहिली, कुणाच्या आत्म्यासाठी दान आहे: ‘माझे वडील अमुक, आई तमुक, पत्नी आणि पूर्वज यांच्यासाठी’. इथे आईचं नाव मिळतं, जे दुसरीकडे कुठेच मिळत नाही. दुसरी, कुणाच्या संमतीने: पुढे जमिनीवर दावा सांगू शकणाऱ्या मुलाची, भावाची किंवा मुलीची संमती त्यात लिहून घेतलेली असते. ज्याची संमती घेतली त्याचा वारसाहक्क मानलेला होता. तिसरी, साक्षीदार: धर्मगुरू पहिले, मग नातेवाईक, मग नोकरचाकर आणि शेजारी, असा क्रम बहुतेक वेळा असतो. चार दानपत्रांत तीच सहा नावं त्याच क्रमाने येत असतील तर ती माणसं घरातली किंवा घराला जवळची.

बहुतेक जुन्या दानपत्रांवर तारीख नसते. मग साक्षीदारांतला बिशप किंवा मठाधिपती कधी गादीवर आला आणि कधी वारला हे बघून मर्यादा ठरवायच्या. नोंदवहीत ‘११२३ ते ११३१ दरम्यान’ असंच लिहा, मधलं एक साल उचलू नका. मठाच्या श्राद्धवहीत मृत्यूचा दिवस आणि महिना मिळतो, साल बहुधा नसतं. इंग्लंडमध्ये पुढे वर्ष २५ मार्चला सुरू धरत, म्हणून फेब्रुवारी १२५० अशी नोंद आपल्या मोजणीने फेब्रुवारी १२५१ असू शकते.

नात्यांचे शब्द नीट वाचा. मराठी माणसाला इथे एक सोय आहे. लॅटिनमध्ये काका म्हणजे ‘पात्रुउस’, मामा म्हणजे ‘आव्हुंकुलुस’, आत्या ‘अमिता’ आणि मावशी ‘मातेर्तेरा’. इंग्रजी भाषांतरात काका-मामा दोन्ही अंकल होतात आणि बापाकडचं की आईकडचं हा धागाच तुटतो. म्हणून मूळ शब्द बघायची सवय लावा आणि नोंद मराठीत करा. सावध राहायचं ते ‘नेपोस’ या शब्दापासून. पुतण्या, भाचा, नातू यांपैकी काहीही असू शकतं. दुसरा पुरावा मिळेपर्यंत वंशावळीत ‘नेपोस’ असंच ठेवा.

६. इतिवृत्तकारांचं ऐका, पण दानपत्राशी ताडून

दोन नावं सतत भेटतील. ऑर्डरिक व्हायटॅलिस हा १०७५ मध्ये श्रूजबरीजवळ जन्मला आणि नॉर्मंडीतल्या सँ-एव्हरूच्या मठात आयुष्यभर राहिला. त्याच्या मठाशी संबंध असलेल्या घराण्यांबद्दल तो फार खोलात सांगतो. रॉबर्ट ऑफ तोरिन्यी पुढे मों-सँ-मिशेलचा मठाधिपती झाला. त्याने नॉर्मंडीची डचेस गुन्नोर हिच्या बहिणी-भाच्यांची लग्नं सांगून अर्ध्या नॉर्मन सरदारांची एकमेकांशी नाती जुळवली आहेत. हे सगळं घडून गेल्यावर सव्वाशे वर्षांनी तो लिहीत होता. बखर वाचताना आपण जसं बघतो की लिहिणारा कोण, कुणासाठी लिहितोय, घटनेनंतर किती वर्षांनी, तसंच इथे बघायचं.

मोंतगॉमेरी घराण्यात याचा पडताळा मिळतो. तोरिन्यीने रॉजर डी मोंतगॉमेरीच्या बापाचं नाव ह्यू दिलं आहे. पण ट्रोआर्नच्या मठाला दिलेल्या दानपत्रात खुद्द रॉजर स्वतःला ‘नॉर्मनांतला नॉर्मन, थोर रॉजरचा मुलगा’ म्हणवतो. इथे बापाचं नाव मुलाने स्वतः लिहवून घेतलेलं आहे. अशा वेळी दानपत्र धरायचं. मात्र तोरिन्यी फेकून द्यायचा नाही. तपशील चुकला तरी गुन्नोरच्या नातलगांशी या घराण्याचा संबंध होता, ही त्याची मूळ बातमी खरी असू शकते.

७. एक प्रकरण पूर्ण तपासून बघा: गुंड्राडा कुणाची मुलगी?

सगळ्या साधनांचा एकत्र सराव करायचा असेल तर वॉरेन घराण्यातलं हे जुनं प्रकरण घ्या. पहिला विल्यम डी वॉरेन हेस्टिंग्जला लढला. बायको गुंड्राडा १०८५ मध्ये वारली. दोघांनी ससेक्समध्ये ल्यूइसचा मठ उभारला. गुंड्राडा ही इंग्लंड जिंकणाऱ्या, ‘विजेता’ म्हटल्या जाणाऱ्या राजा विल्यमची मुलगी, असं शतकानुशतकं सांगितलं जात होतं आणि आजही अनेक ऑनलाइन वंशावळींत तेच आहे. १८४५ मध्ये मठाच्या जागेतून रेल्वे नेताना शिशाच्या दोन लहान पेट्या निघाल्या, दोघांची नावं कोरलेल्या. तिच्या कबरीवरची काळी शिळाही टिकली आहे. तिच्यावरच्या लेखात ती ‘ड्यूकांच्या वंशातली’ आहे, पण ड्यूक कोण ते नाही. ल्यूइस मठाच्या नंतरच्या नकलांत तिचं नातं राजघराण्याशी जोडलेलं आहे. राजकन्या संस्थापक असण्यात मठाचा फायदाच होता, म्हणून तो पुरावा जपून घ्यायचा.

दुसऱ्या बाजूला ऑर्डरिक तिला फ्लेमिश सरदार गेर्बोडची बहीण म्हणतो. आणि निर्णायक कागद आहे तो आर्चबिशप अ‍ॅन्सेल्मचं पत्र. पहिला हेन्री, म्हणजे विजेत्या विल्यमचा मुलगा, आपली एक अनौरस मुलगी गुंड्राडाच्या मुलाला, दुसऱ्या विल्यम डी वॉरेनला, द्यायच्या विचारात होता. अ‍ॅन्सेल्मने मनाई केली, कारण दोघं एका बाजूने चौथ्या आणि दुसऱ्या बाजूने सहाव्या पिढीत नातलग लागत होते. त्या काळी चर्च सात पिढ्यांपर्यंत लग्न वर्ज्य मानत असे. पुढे १२१५ मध्ये ही मर्यादा चारवर आली.

आता विचार करा. गुंड्राडा राजाची सख्खी बहीण असती तर ती मुलगी वॉरेनची मामेबहीण झाली असती. मग चौथी-सहावी पिढी मोजत बसायची गरजच काय होती? आर्चबिशपने सरळ तेच म्हटलं असतं. राजाची बहीण कोण हे त्याला ठाऊक नसणं शक्य नाही. एका पत्रात न आलेल्या नात्याने कित्येक शतकांचा समज मोडीत निघाला. लग्न मोडण्याची आणि वर्ज्य ठरवण्याची प्रकरणं म्हणूनच शोधा, कारण नाती मोजण्याचं काम तिथे त्या काळच्या जाणकारांनी करून ठेवलं आहे.

८. १२०४ च्या आधी आणि नंतर वेगळ्या वाटा

१२०४ मध्ये राजा जॉनने नॉर्मंडी गमावली आणि दोन्हीकडे जमीन असलेल्या घराण्यांना एक बाजू निवडावी लागली. थोरली शाखा फ्रान्समध्ये, धाकटी इंग्लंडमध्ये अशी विभागणी झाल्याचं खूपदा दिसतं. एखादा पुरुष अचानक इंग्लंडच्या कागदांतून नाहीसा झाला तर त्याला मेलेला धरू नका, फ्रान्सच्या बाजूला बघा. अपवादही आहेत. विल्यम मार्शलने १२०५ मध्ये फ्रान्सच्या फिलिप राजाशी निष्ठा वाहून लाँगव्हिल आणि ऑर्बेक राखलं. हे ऑर्बेक म्हणजे वर आलेलं क्लेअरांचंच जुनं वतन. ते त्याच्याकडे आलं बायकोकडून, इझाबेल डी क्लेअरकडून. जमिनीमागे गेलं की असं माहेर सापडतं.

नॉर्मंडीतले कागद पाच जिल्हा दफ्तरांत विभागले आहेत: कां, रुआँ, एव्हरू, आलाँसों आणि सँ-लो. सँ-लोचं दफ्तर जून १९४४ च्या बाँबवर्षावात जळलं. कोतांतँ भागातल्या घराण्यांसाठी म्हणूनच एकोणिसाव्या शतकात कुणी करून ठेवलेल्या नकला आणि छापील उतारे हेच मूळ कागद समजून शोधावे लागतात.

९. हे सापळे ओळखून ठेवा

‘बॅटल अ‍ॅबी रोल’ ही हेस्टिंग्जला लढलेल्यांची यादी म्हणून पुढे केली जाते. मूळ यादी अस्तित्वात नाही. मिळतात त्या सोळाव्या शतकातल्या आणि नंतरच्या नकला, आणि त्यांत मागाहून नावं घुसडलेली आहेत. समकालीन पुराव्याने लढाईत हजर असलेल्या, नावानिशी सिद्ध होणाऱ्या माणसांची संख्या जेमतेम पंधरा-वीस आहे. पूर्वज हेस्टिंग्जला होता असं कुणी सांगितलं तर आधी विचारा, कोणत्या कागदात?

कुलचिन्ह असलेली ढाल दाखवून १०६६ पर्यंत नेणारी वंशावळ लगेच बाजूला ठेवा. वंशपरंपरेची कुलचिन्हं बाराव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास रुळली. विजेत्या विल्यमच्या सरदारांना ती नव्हती.

कबरीवरचं नाव हाही पुरावा जपून घ्यायचा. फेकाँच्या मठातल्या पहिल्या आणि दुसऱ्या रिचर्ड ड्यूकांच्या म्हणून जपलेल्या अस्थी अलीकडे तपासल्या, तेव्हा त्या दोघांच्याही काळाच्या कितीतरी आधीच्या निघाल्या.

आणि एकाच वंशावळीची दहा ठिकाणी नक्कल दिसली म्हणजे दहा पुरावे झाले असं नाही. त्या सगळ्या पुष्कळदा सतराव्या-अठराव्या शतकातल्या एकाच भाट-वंशावळीवरून उतरलेल्या असतात.

१०. नोंद कशी ठेवायची

माणसासाठी नव्हे, दुव्यासाठी ओळ करा. ‘गिल्बर्ट हा रिचर्डचा मुलगा’ ही एक ओळ. तिच्यापुढे कागद, तो केव्हाचा, मूळ की नक्कल, तुम्ही मूळ शब्द पाहिला की भाषांतर, आणि शेवटी तुमचा विश्वास: पक्का, बहुधा, अंदाज. आईचा दुवा वेगळा लिहा. बाप सिद्ध झाला म्हणजे बापाची अमुक बायको हीच आई, असं आपोआप ठरत नाही, कारण दोन-तीन लग्नं नेहमीची होती. नाकारलेले दुवेही कारणासकट ठेवा, नाहीतर सहा महिन्यांनी तोच चुकीचा आजोबा पुन्हा नवा शोध म्हणून समोर येतो.

पहिलं घराणं कोणतं घ्यावं

क्लेअर आणि वॉरेन या दोघांचं बहुतेक सगळं साहित्य छापील आहे, म्हणून तिथून सुरुवात करा. मोब्रे दुसऱ्या फेरीला घ्या. नाव आणि वंश वेगळे करण्याचा सराव होतो. नॉर्मंडीच्या ड्यूकांचा मूळ वंश, म्हणजे रोलो, विल्यम लाँगस्वर्ड, तीन रिचर्ड, रॉबर्ट आणि विजेता विल्यम, आधीच बारकाईने तपासलेला आहे, तो नुसता वाचून ठेवा. सिसिलीचं ओतव्हिल घराणं मोहात पाडतं: कोतांतँमधल्या एका साध्या जमीनदाराचे १२ मुलगे आणि त्यांतल्या एकाचा मुलगा ११३० मध्ये राजा. पण दक्षिण इटलीतल्या नॉर्मन सरदारांच्या यादीचं हस्तलिखित १९४३ च्या युद्धात जळालं आणि आता छापील आवृत्तीवरच काम करावं लागतं. शिवाय तिथे लॅटिनबरोबर ग्रीक आणि अरबी कागदही येतात. ते घराणं हात बसल्यावर घ्या.